नाळेवरची दोन बोटं

थोरली जाऊ प्रसूतिगृहाच्या बाकावर येऊन बसली तेव्हा मला वाटलं, हिचा दंड धरावा आणि हिला रस्त्यावर नेऊन सोडावं. आजारी माणसाबद्दल असं वाटू नये, पण वाटलं. डोक्याला राखाडी रुमाल, तोंडाला मास्क, मांडीवर पाण्याची बाटली. आणि मास्कमधूनही आवाज असा की खालच्या जिन्यापर्यंत जावा.

"नाळेच्या रक्ताला हो म्हणा," शेजारी बसलेल्या एका सासूला ती सांगत होती. "नाहीतर फुकटच जातं. वारेबरोबर बादलीत. पण आत निरोप द्या, नाळ पटकन बांधा म्हणावं. आतली सुईण आहे ना, ती उगाच धरून बसते. माझी जाऊच आहे, म्हणून मला माहीत."

मी दारात उभी राहून हे ऐकत होते. हातात धुतलेली भांडी होती म्हणून बरं.

नाळ मी धरून बसायची हे खरं. बाळ बाहेर आलं, रडलं, आईच्या छातीवर ठेवलं, की मी नाळ दोन बोटांत हलकेच धरायची. मनगटावर नाडी लागते तसे तिच्यात ठोके लागतात. ठोके लागतात तोवर वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं. ठोके मंदावले, नाळ लुळी पडली, पांढरी झाली, की मग मी चिमटे लावायची आणि कापायची. जिच्या हाताखाली मी शिकले ती असंच करायची, आणि मी तोवर असंच करत आले होते. वॉर्डातल्या पोरी पाठीमागे मला 'दोन बोटं' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

मग समोरच्या मोठ्या इस्पितळात पेशींची प्रयोगशाळा निघाली. तिथली एक बाई आम्हाला समजावायला आली होती. हसरी, गोड बोलणारी, आम्ही तिला पेशीवाली म्हणायला लागलो. तिनं सांगितलं, नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं त्यात एका जातीच्या पेशी असतात. शरीरात गस्त घालायची आणि बिघडलेली पेशी दिसली की मारायची, हे त्यांचं काम. त्या वेगळ्या काढायच्या, पिशवीत घालून त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि चिमूटभराच्या ढीगभर झाल्या की कॅन्सरच्या माणसाला सलाइनसारख्या चढवायच्या. रक्त कुणाच्याही बाळाचं चालतं, नातं लागत नाही. मला तेव्हा ते ऐकून आनंदच झाला होता. उरलेलं रक्त कुणाच्या कामी येत असेल तर वाईट काय आहे?

पुढे थोरलीच्या गळ्यात गाठी निघाल्या.

पहिल्या औषधानं गाठी बसल्या आणि परत आल्या. दुसऱ्या औषधानं केस गेले, भूक गेली, गाठी जागच्या जागी राहिल्या. मग गाठींच्या डॉक्टरांनी तिचं नाव या पेशींच्या उपचारात घातलं. तिच्यासाठी एक पिशवी लावली, पण त्यातल्या पेशी वाढल्याच नाहीत. कधीकधी तसं होतं, डॉक्टर म्हणाले. आता दुसरी पिशवी हवी, आणि ती भरलेली हवी. हलक्या पिशवीत सुरुवातीलाच पेशी कमी, त्यांना कितीही खाऊ घातलं तरी पुरत नाहीत.

इतकं डॉक्टर बोलले. उरलेलं बर्फवाला बोलला.

बर्फवाला म्हणजे आमच्याकडून प्रयोगशाळेत पिशव्या नेणारा माणूस. त्याच्या डब्यात बर्फाचा कण नसतो, रक्त गोठलं तर सगळंच वाया. पण पूर्वी तो घरोघरी बर्फ टाकायचा, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलं. त्याच्या जिभेलाही झाकण नाही. थोरली तपासणीला गेली होती तिथे तिला भेटला आणि म्हणाला, "तुमच्या जावेच्या वॉर्डातल्या पिशव्या हातात घेतल्या की कळतात हो. हलक्या. बाकीकडच्या कशा भरलेल्या."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी नळावर होतो. घर एक, चुली दोन, आणि नळ मात्र एकच राहिला आहे. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा नळाचं कुणाला सुचलं नाही.

"तुझ्या वॉर्डातल्या पिशव्या हलक्या का असतात?" थोरलीनं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"बर्फवाला."

"त्याला बोलायला काय जातं?"

"त्याचं सोड. माझं काय जातं ते बघ."

मी बादली उचलली. तिनं पाय आडवा घातला.

"जाऊबाई, नाळ लगेच कापायची नाही असा लेखी नियम आहे. निदान मिनिटभर थांबायचं."

"मग तू मिनिटभर थांबतेस?"

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"किती थांबतेस?"

"ठोके लागतात तोवर."

"म्हणजे किती?"

"बाळागणिक वेगळं."

"म्हणजे तुझ्या मनाला येईल तेवढं. या घरात मीठसुद्धा तुझ्याच मनानं पडायचं, म्हणून तर मी चूल वेगळी केली."

"मीठ आता काढू नका," आमचे हे आतून म्हणाले.

"भावजी, तुम्ही मधे पडू नका. तुम्हाला अळणी खारट काही कळत नाही." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या गळ्यातल्या गाठीला ठोके मोजत बसायला वेळ आहे का, विचार तिला. लाव ना तुझी दोन बोटं इथेही."

तिनं रुमाल बाजूला केला. गाठ जबड्याखाली अंड्यासारखी आली होती. मला बघवेना आणि मान वळवायचीही लाज वाटली.

"ते रक्त बाळाचं असतं," मी म्हणाले.

"बाळाला आयुष्यभर रक्त करता येणार आहे. मला येतंय का?"

मला राग आला. मी बादली तिथेच उपडी केली आणि आत गेले.

राग फक्त तिचा नव्हता. वॉर्डात हात धुवायच्या जागेवर दोन कागद चिकटवलेले होते, एकमेकांना खेटून. एकावर लिहिलं होतं, नाळ घाईनं बांधू नका, बाळाच्या हिताचं आहे. दुसऱ्यावर लिहिलं होतं, हलक्या पिशव्या स्वीकारल्या जाणार नाहीत, सर्वांनी लक्ष द्यावं. दोन्हीखाली मोठ्या मॅडमची सही. मी एकदा मॅडमना विचारलं होतं, यातलं कुठलं करू? त्या म्हणाल्या, दोन्ही. मिनिटभर थांबा, मग भरभर घ्या, मधला मार्ग आहे. आणि बाळंतिणीला देतात त्या कागदावर छापलेलं होतं की बाळाला यानं काहीच कमी पडत नाही. सगळ्यांना सगळं मिळणार असं सांगून ठेवायचं आणि नाळ मात्र माझ्या बोटांत द्यायची. हात धुताना रोज तो साबण त्या कागदांवर फेकावासा वाटायचा.

तर अशी थोरली बाकावर येऊन बसायला लागली. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं तरी. पहिल्या दिवशी मला वाटलं, दमेल आणि जाईल. पण ती रोज यायला लागली. बाकावरच्या लोकांशी तिची ओळख झाली. कुणी तिला चहा आणून द्यायचं, कुणी उशी. आणि दारातून आत निरोप यायला लागले. "बाई, आमच्या सुनेची नाळ जरा लवकर बांधा." "बाई, आमचं सगळं रक्त त्या मावशींना द्या." एक होऊ घातलेला बाप तर हात जोडून उभा राहिला. जन्माला न आलेल्या लेकराच्या वतीनं हा दानशूर. मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

शेवटी मी बाहेर गेले.

"तुम्ही इथून उठा."

"बाक सगळ्यांसाठी आहे."

"इथे नातेवाईक बसतात."

"मी तुझी नातेवाईक आहे. नाही म्हणायचं असेल तर सगळ्यांसमोर म्हण."

बाकावरच्या बायका चहा प्यायच्या थांबल्या.

"तुम्हाला माहीत आहे का, ते रक्त तुम्हालाच लागेल असंही नाही," मी म्हणाले. "कुणाला कुठली पिशवी हे ते ठरवतात."

"पण पिशव्याच गेल्या नाहीत तर कुणालाच काही नाही. माझ्यासारख्या अजून बसल्यात तिकडे. त्यांना चालता येत नाही, मला येतं, म्हणून मी आले."

"मी कामात आहे."

"मी पण," थोरली म्हणाली.

आत खाटेवर एक बसचालक बाई होती. पहिलटकरीण, धिप्पाड, कळांमध्येही तोंड चालू. मी आत आले तशी तिनं विचारलं, "बाहेर कोण भांडत होतं?"

"माझी जाऊ."

"जाऊ कामावरपण येते? माझी सासू निदान फोनवर तरी असते."

नवी सिस्टर हसली. मी हसले नाही. बसचालक बाईनं एक कळ सोसली, घाम पुसला आणि म्हणाली, "रक्त त्यांच्यासारख्यांसाठीच घेताय ना? मग बोलवा की त्यांना आत. बघू दे एकदा काय असतं ते. बाहेरून बडबड ऐकण्यापेक्षा बरं."

तिनं ते सहज म्हटलं असेल. मी ते उचललं. मनात दया नव्हती, समजूत नव्हती. डोक्यात तिडीक गेली होती आणि मला थोरलीचं तोंड बंद करायचं होतं.

"बाई, मॅडमना कळलं तर?" सिस्टर म्हणाली.

"कळू दे."

मी थोरलीला आत घेतलं. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, डगला चढवला, हातमोजे घातले, नवा मास्क बांधला. तिला मूल झालं होतं, पण पोट कापून आणि तिला झोपवून. जाग आली तेव्हा पोर दुपट्यात गुंडाळून तयार होतं. नाळ काय असते हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

बाळ आलं. मुलगी. आईसारखीच खणखणीत रडली. मी तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. नाळ मधे होती, निळी, पिळदार, बोटाएवढी जाड. पिशवी आणि सुई तयार होती.

"या इकडे," मी थोरलीला म्हणाले. "इथे धरा. दोन बोटांत. दाबू नका."

तिनं धरली.

"माझी बोटं मी लावत नाही," मी म्हणाले. "तुम्ही कापा म्हणालात की मी कापीन. त्याच क्षणी. मी काही बोलणार नाही, आणि पुढेही कधी बोलणार नाही."

ती नाळेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे होते, आणि त्या डोळ्यांत इतका संताप मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या घरात तो कमी पाहिलेला नाही.

"मिनिट झालं," सिस्टर म्हणाली.

म्हणजे नियमानं झालं होतं. थोरलीनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कुणीच तिला दोष दिला नसता, मीसुद्धा देऊ शकले नसते.

"मावशी, घ्या की हो," बाळंतीण म्हणाली. तिचं सगळं लक्ष पोरीच्या कानांकडे होतं.

"कापू?" मी विचारलं.

"गप्प बस." मग हळूच म्हणाली, "अजून उडतंय."

खोलीत पोरीच्या कुरकुरीचा आवाज तेवढा येत होता. थोरली वाकून उभी होती. तिला वाकायला त्रास होतो, हे मला माहीत होतं. मी खुर्ची दिली नाही. पोरीचे तळवे निळसर होते ते गुलाबी होत आले. नाळेचा पीळ सैल पडला.

"थांबलं," थोरली म्हणाली.

मी चिमटे लावले आणि कापली. पिशवी अर्धीसुद्धा भरली नाही. बर्फवाल्यानं ती हातात घेतली, वर-खाली केली, आणि पहिल्यांदाच काही न बोलता डब्यात ठेवली.

बाहेरच्या बोळात थोरली हातमोजे ओढून काढत होती. निघत नव्हते. मी पुढे झाले तशी तिनं हात मागे घेतला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मला जमणार नाही हे. माहीत होतं म्हणूनच आत नेलंस."

तिनं पुन्हा हातमोजा ओढला.

"माझ्या गळ्याला गाठी, आणि माझ्याच हातात नाळ देऊन तू बघत उभी राहिलीस. तुझं खरं ठरावं म्हणून."

"तुम्ही रोज येऊन माझ्या वॉर्डात माझी अब्रू काढत होतात."

"मला जगायचं होतं म्हणून बसले होते. तुला काय हवं होतं?"

हातमोजे तिनं बाकावर टाकले आणि जिना उतरून गेली. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. मी मागे गेले नाही. माझाही राग उतरला नव्हता.

मोठ्या मॅडमना संध्याकाळपर्यंत कळलं. त्यांनी मला उभं करून झापलं, आणि त्यात चूक काही नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं माणूस, तेही कॅन्सरचं, जिला साधी सर्दी झाली तरी जिवावर बेतेल. "तुम्ही दोघी जावांनी माझ्या वॉर्डाचं नळकोंडाळं केलंत," त्या म्हणाल्या. मला प्रसूतीच्या खोलीतून काढून तपासणीच्या खोलीत बसवलं. परत घ्यायचं तर घड्याळानं काम करायचं. मिनिट झालं की कापायची. "ठोके थांबेपर्यंत असं आपल्या नियमात कुठेही नाही."

मी त्या दोन कागदांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "मी आत्ता तुमच्या चुकीबद्दल बोलतेय."

थोरली पुन्हा बाकावर आली नाही. नळावर यायची ती मी नसताना. भिंतीपलीकडे तिचा खोकला ऐकू यायचा. भांडण बंद झालं तसं घर भुतासारखं झालं. आमचे हे एकदा म्हणाले, "जा, मिठाचा विषय तरी काढ." मी गेले नाही. ती म्हणाली ते खरं होतं, आणि ते खरं असल्याचा मला तिच्यावरच राग होता.

मग प्रयोगशाळेनं दुसऱ्या एका शहरातून, खास औषध घालून गोठवून ठेवलेली पिशवी मागवली. पेशी वाढल्या, आणि थोरलीला बोलावणं आलं. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. गाठीमुळे मान एका बाजूला कलली होती.

"सोबत एक माणूस लागतं म्हणतात," ती म्हणाली. "ह्यांना जाऊन वर्षं झाली, मुलगा बोटीवर आहे. तूच चल. दुसरं कोण आहे?"

इस्पितळातली खोली छोटी होती, खिडकीतून आमच्या प्रसूतिगृहाचा जिना दिसत होता. पेशींची पिशवी मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, पाणी गढूळ. ठिबक सुरू झाली. पेशीवाली स्वतः आली होती. ती खुशीत होती.

"इतक्या छान वाढल्या," ती म्हणाली. "कारण मूळची पिशवी एकदम भरलेली होती. अशी क्वचित मिळते."

ती गेल्यावर आम्ही दोघी त्या नळीकडे बघत बसलो.

"कुणीतरी झटकन बांधली असणार," थोरली म्हणाली.

"हो."

"ते मूल आता कुठे असेल?"

"धावत असेल कुठेतरी. दांडगं झालं असेल."

"आणि तिथे तू असतीस तर?"

"तर ही पिशवी हलकी असती."

"आणि मी?"

मला त्या न पाहिलेल्या सुईणीचा राग येत होता. जिनं नाळ हातात घेतली असेल-नसेल, पोराकडे बघितलं असेल-नसेल, आणि कचकन बांधून मोकळी झाली असेल. तिचं भलं चिंतावं तर तोंड उघडत नव्हतं.

"शिव्या घालतेयस ना तिला मनात?" थोरली म्हणाली.

"हो."

"घाल. मी नाही घालणार." तिनं डोळे मिटले. "आणि तुलाही मी माफ केलेलं नाही. म्हणून सोबत आणलं, असं समजू नकोस."

"समजत नाही."

"पाणी दे."

मी तिला पाणी दिलं.

गाठी निम्म्या झाल्या आहेत. गेल्या नाहीत. डॉक्टर पुढच्या वेळेचं काही बोलत नाहीत, बघू म्हणतात. पण थोरलीची मान सरळ झाली आणि आवाज परत आला.

मला प्रसूतीच्या खोलीत परत घेतलं. भिंतीवर नवं घड्याळ आहे, मोठ्या आकड्यांचं. मी नाळ धरते. सिस्टर म्हणते, मिनिट झालं. मी चिमटे लावते. नाळ तेव्हा बोटांखाली उडत असते, आणि मी कापते. पिशव्या चांगल्या भरतात. बर्फवाला खूश आहे. मी घरी येते आणि भांडी आपटते.

काल नळावर बादली इतकी जोरात ठेवली की पाणी तिच्या पायांवर उडालं.

"आज किती भरली?" थोरलीनं विचारलं.

"पूर्ण."

"मग आपटतेस कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

ती पायांवरचं पाणी झटकत राहिली. मग तिनं आपली बादली माझ्या बादलीच्या पुढे सरकवली. नंबर माझा होता.

"आपट," ती म्हणाली. "पण माझी भरल्यावर."